रुग्णाचे गुपित आणि रुग्णाचा कागद

१ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंदिस्त मालमोटारींचा ताफा पोलिसांच्या कडेकोट बंदोबस्तात भोपाळहून पीथमपूरच्या दिशेने निघाला. युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा त्यांत भरलेला होता. सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या त्या प्रवासाची वार्ता साऱ्या देशाने वाचली. पीथमपूरकरांनी विरोध केला, न्यायालयात दाद मागितली गेली, आणि अखेर त्याच वर्षी तो कचरा भट्टीत जाळण्यात आला. उशिरा का होईना, एका ढिगाची विल्हेवाट लागली.

भोपाळात दुसराही एक ढीग आहे. तो कागदांचा आहे. वायुग्रस्तांसाठी उभारलेल्या रुग्णालयांतून साठलेले केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि नोंदवह्या यांचा हा ढीग. हे सारे कागद संगणकावर उतरवून प्रत्येक वायुग्रस्ताच्या हाती त्याची स्वतःची आरोग्यपुस्तिका द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०१२ रोजी दिला. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत होती. एक तपाहून अधिक काळ लोटला. २०२३ च्या अखेरीस जबलपूरच्या उच्च न्यायालयाला या आदेशांची पायमल्ली झाल्याबद्दल अधिकाऱ्यांवर अवमानाचा ठपका ठेवावा लागला, आणि त्यानंतरही जुन्या, जीर्ण पानांच्या छायाप्रती किती दिवसांत निघतील याचाच हिशेब न्यायालयापुढे चालू राहिला. विष हलविण्यास चाळीस वर्षे लागली. कागद अजून हलावयाचा आहे.

ही गोष्ट दूरच्या भोपाळची आहे, आपला तिच्याशी काय संबंध, असे आमच्या किनाऱ्यावरील वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने कधी डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसून आपले दुखणे सांगितले आहे, त्या प्रत्येकाशी या कागदाचा संबंध पोचतो. रुग्णाचे आपल्या कागदावर दोन हक्क असतात. तो परक्यासाठी बंद असावा, हा पहिला. आणि तो स्वतः रुग्णासाठी उघडा असावा, हा दुसरा. वरवर पाहता हे दोन हक्क परस्परविरोधी भासतात. वस्तुतः ते एकाच नाण्याच्या दोन बाजू होत, कारण दोहोंच्या मुळाशी एकच तत्त्व आहे: दुखणे ज्याचे, माहिती त्याची. भोपाळमध्ये हे तत्त्व नेमके उलटे झाले. जे रुग्णाला कळावयास हवे होते ते झाकून ठेवले गेले, आणि जे झाकून ठेवावयास हवे होते ते चव्हाट्यावर आले.

कंपनीचे गुपित

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री ई-६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले आणि झोपेत असलेल्या शहरावर पसरले. हमीदिया रुग्णालयात माणसांचे लोंढे येऊ लागले. डोळ्यांना अंधारी, छातीत आग, तोंडाला फेस. या माणसांना कोणत्या विषाची बाधा झाली आहे, त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. ज्यांना ते ठाऊक असावयास हवे होते त्या कारखान्याकडून, हा वायू डोळ्यांना झोंबतो, त्यापलीकडे फारसे काही नाही, ओला फडका धरावा, अशा धर्तीचा सल्ला मिळाला. त्या रात्रीतील आणि पुढच्या दिवसांतील मृतांची संख्या हजारांच्या घरात गेली.

पुढील काही आठवड्यांत उपचाराचाच वाद माजला. गांधी मेडिकल कॉलेजातील न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्ताचा रंग विलक्षण लाल आढळला. शरीरात सायनाइडसारखे विष भिनले असावे, आणि सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन त्यावर उपयोगी पडेल, असे त्यांचे मत झाले. दुसऱ्या बाजूने या औषधाला विरोध झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचणी घेऊन १९८५ च्या फेब्रुवारीत थायोसल्फेटला अनुकूल मत दिले, तरी ते सरसकट लोकांपर्यंत पोचले नाही. मग काही तरुण डॉक्टर व कार्यकर्त्यांनी मिळून जून १९८५ मध्ये जनस्वास्थ्य केंद्र उघडले. तेथे हे इंजेक्शन दिले जाई, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणाला किती दिले, त्याने काय फरक पडला, याची व्यवस्थित नोंद ठेवली जाई. महिना उलटण्यापूर्वीच त्या केंद्रावर पोलिसांची धाड पडली. डॉक्टर व कार्यकर्ते पकडले गेले आणि रुग्णांच्या नोंदीही जप्त झाल्या.

वाचकांनी क्षणभर येथे थांबावे. दवाखान्यातील चोरीचा माल नव्हे, शस्त्रे नव्हेत, रुग्णांच्या नोंदी पोलिसांनी उचलून नेल्या. ज्या कागदावर एखाद्या बाईने आपल्या श्वासाचे, आपल्या पाळीचे, आपल्या झोपेचे दुखणे विश्वासाने लिहवून घेतले होते, तो कागद ठाण्यात पोचला. रुग्णाने डॉक्टरला सांगितलेली गोष्ट रुग्णाची असते, सरकारची नसते, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनाला शिवलाही नसावा. कंपनीच्या रसायनाचे गुपित मात्र त्याच काळात शाबूत राहिले होते.

कागद असेल तर दुखणे खरे

१९८५ मध्ये संसदेने कायदा करून वायुग्रस्तांच्या वतीने दावा लढविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. भरपाई कोणास किती, हे ठरविण्यासाठी साडेतीन लाखांहून अधिक दावेदारांच्या वैद्यकीय फाइली तयार करण्यात आल्या होत्या. फाइलीत काय आहे यावरून माणसाचे दुखणे तात्पुरते की कायमचे, हे ठरू लागले.

आता विचार करा. डिसेंबरच्या त्या रात्री जो माणूस जीव मुठीत धरून पळाला, ज्याने रस्त्यात मूल गमावले, त्याने हमीदियातील चिठ्ठी जपून ठेवावी अशी अपेक्षा कोणी करावी? लाखो लोकांची वस्ती झोपड्यांतून, भाड्याच्या खोल्यांतून. पावसाळ्यात कागद भिजले, घरे बदलताना हरवले, रुग्णालयाने पहिल्या दिवशीच ते दिले नव्हते. चिठ्ठी नाही म्हणजे दुखणे नाही, असा न्याय लागला. बहुसंख्य दावेदारांच्या पदरी पंचवीस हजार रुपये आणि बऱ्याच वर्षांनी तेवढीच आणखी रक्कम पडली. ज्या कागदावर आयुष्याची किंमत ठरत होती तो कागद स्वतःच्या पेटीत नसणे म्हणजे काय, हे भोपाळच्या वायुग्रस्ताइतके क्वचितच कोणाला कळले असेल. आरोग्यपुस्तिकेसाठी भोपाळ गॅसपीडित महिला उद्योग संघटनेने १९९८ पासून सर्वोच्च न्यायालयात झगडा दिला, तो या अनुभवातून. त्या संघटनेचे नेते अब्दुल जब्बार स्वतः वायुग्रस्त होते. २०१९ मध्ये ते गेले, तेव्हाही पुस्तिकेचे काम अपुरेच होते.

झाकलेली मूठ

नाण्याची दुसरी बाजू याहून नाजूक आहे. १९८५ च्या प्रारंभी बाधित वस्त्यांत ज्यांनी आरोग्यपाहणी केली त्यांत महाराष्ट्रातील मंडळी बरीच होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने वायुग्रस्तांची फुप्फुसे तपासली. डॉ. राणी बंग व डॉ. मीरा सद्गोपाल यांनी स्त्रियांच्या आजारांकडे लक्ष वेधले, कारण सरकारी यंत्रणेचे लक्ष डोळे आणि छाती यांपलीकडे गेलेच नव्हते. पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणे, गर्भपात अशी दुखणी त्या घरोघरी होती, आणि ती सांगावयास जागा नव्हती. गर्दीच्या दवाखान्यात, पुरुष डॉक्टरांसमोर, मागे रांग उभी असताना कोणती स्त्री हे बोलणार?

वायुग्रस्त घरांत लवकरच एक विचित्र कोंडी उभी राहिली. भरपाई हवी तर मुलगी आजारी आहे हे सिद्ध करावे लागे. मुलीचे लग्न व्हावयाचे तर ती धडधाकट आहे असे दाखवावे लागे. वायूच्या पट्ट्यातील मुलीला मूल होईल का, झालेले मूल नीट असेल का, अशी कुजबुज सोयरिकीच्या बैठकीत होत असे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडचे जुने शहाणपण आहे. भोपाळच्या आईबापांना ती मूठ एका हाताने झाकावी आणि दुसऱ्या हाताने उघडावी लागली. दावा कचेरीतला कारकून, मोहल्ल्यातला दलाल, शेजारची ओळखीची नर्स, या सर्वांच्या हातून जो कागद जातो, त्यावरील मजकूर व्याह्यांच्या कानी जाणार नाही याची हमी देणार कोण? म्हणून कित्येकांनी दावाच केला नसेल, कित्येकांनी दुखणेच अंगावर काढले असेल. गुप्ततेची हमी नसली की माणूस औषधालाही मुकतो. हा तर्क आरोग्याच्या प्रत्येक कायद्याचा पाया असावयास हवा.

शरीराच्या दुखण्याची ही कथा, तर मनाच्या दुखण्याची काय सांगावी! १९८५ च्या फेब्रुवारीत मनोविकारतज्ज्ञांनी भोपाळच्या दहा दवाखान्यांत येणाऱ्या ८५५ रुग्णांची चाळणी केली. त्यांतील १९३ जणांना, म्हणजे शेकडा साडेबावीसांहून थोड्या अधिकांना, मानसिक आजार असल्याचे आढळले. त्यांत स्त्रिया फार मोठ्या प्रमाणात होत्या. खिन्नता, भीती, शोक, झोप उडणे. हे रुग्ण मनाचा आजार आहे म्हणून आले नव्हते. डोकेदुखी, दम, अशक्तपणा अशीच गाऱ्हाणी घेऊन ते साध्या दवाखान्याच्या रांगेत उभे होते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना मनाची दुखणी ओळखण्याचे शिक्षण दिले. त्या शिक्षणाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, माणसाला बोलू द्यावे. पण माणूस बोलतो तो चार भिंतींच्या आत, आणि त्या भिंतींना कान नाहीत अशी खात्री असेल तरच. मनावरील उपचारात औषध निम्मे आणि विश्वास निम्मा असतो. शल्यविशारदाच्या हातात सुरी असते, मानसोपचारकाच्या हातात रुग्णाचे शब्द असतात. ते शब्द बाहेर गेले तर त्याच्याजवळ उपचाराचे साधनच उरत नाही.

आपल्या अंगणातील उदाहरण

भोपाळला नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. ज्या दिवशी, १४ फेब्रुवारी १९८९ रोजी, दिल्लीत भोपाळची तडजोड जाहीर झाली, त्याच दिवशी आपल्या गोव्यात एका तरुणाला पोलिसांनी उचलले. डॉमिनिक डिसोझा हे त्याचे नाव. त्याचा अपराध कोणता? तो नियमाने रक्तदान करीत असे. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. रक्ताने जे सांगितले ते ज्याचे रक्त त्याला विश्वासात घेऊन, धीर देऊन सांगण्याऐवजी ते पोलिसांपर्यंत पोचले. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा रुग्णाला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद होती. एका जुन्या क्षयरुग्णालयात पोलिसांच्या पहाऱ्यात त्याला चौसष्ट दिवस ठेवण्यात आले. गावाला, शेजाऱ्यांना, कचेरीला, सर्वांना सर्व कळले. आपल्याला नेमके काय झाले आहे हे मात्र त्याला सर्वांत शेवटी समजले. न्यायालयाच्या आदेशाने तो घरी परतला, पुढे सक्तीची ती तरतूद सैल करण्यात आली, आणि त्याने उरलेले आयुष्य आपल्यासारख्या रुग्णांसाठी झगडण्यात घालविले. १९९२ मध्ये त्याचे निधन झाले.

त्या वेळी समाज घाबरलेला होता, आजार नवा होता, हे मान्य. परंतु परिणाम काय झाला हे पाहिले पाहिजे. रक्त तपासून घेतले तर पोलीस येतात, ही भीती एकदा पसरली की तपासणीस कोण जाईल? समाजाच्या रक्षणासाठी म्हणून उघडे केलेले गुपित समाजालाच घातक ठरते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीवाचून तपासणी आणि संमतीवाचून वाच्यता या दोहोंवर बंधने घातली. तो शहाणपणा यावयास अठ्ठावीस वर्षे लागली.

चरकापासून कायद्यापर्यंत

रुग्णाची गुप्तता ही पाश्चात्त्यांची आयात आहे, आपल्या एकत्र कुटुंबाच्या देशात तिला स्थान नाही, असा आक्षेप नेहमी ऐकू येतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात रुग्णाच्या घरात शिरल्यावर तेथील गोष्टी बाहेर बोलू नयेत, असे वैद्याला बजावले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास हा दंडक आपल्याकडे होता. तेव्हा आयातीचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र त्याच उपदेशात आणखी एक सूचना आहे: रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे असे कळले तरी, ऐकणाऱ्यास धक्का बसेल तेथे ते बोलू नये. येथे आपली परंपरा आणि आजचा हक्क यांची गाठ पडते. बाहेर सांगू नये हे ठीक, पण रुग्णालाही सांगू नये काय? करुणेपोटी न सांगणे आणि सोयीपोटी न सांगणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. भोपाळमध्ये न सांगण्यामागे करुणा नव्हती.

कायद्याची वाटचाल या दोन टोकांमध्ये हेलकावत झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रुग्णालयाने रुग्णाला वा त्याच्या जवळच्या नातलगाला कागदपत्रांच्या प्रती नाकारू नयेत, असा निर्णय दिला. गुप्ततेची ढाल खुद्द रुग्णापुढेच धरता येत नाही, हे त्यामागचे सूत्र होते. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार भरती झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. १९९८ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयासमोर एक वेगळेच प्रकरण आले. रक्तातील दोष रुग्णालयाकडून बाहेर कळल्यामुळे एका गृहस्थाचे ठरलेले लग्न मोडले होते. त्याची तक्रार न्यायालयाने मान्य केली नाही. होणाऱ्या पत्नीच्या जीविताला धोका असताना गुप्तता मागे सरते, असे न्यायालय म्हणाले. या निकालावर पुष्कळ वाद झाला, परंतु त्यातील प्रश्न खोटा नाही. एकाचे गुपित दुसऱ्याच्या जिवावर बेतत असेल, तर तेथे मर्यादा आलीच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा या मर्यादाही कायद्याच्या चौकटीतच असल्या पाहिजेत, मर्जीच्या नव्हेत, हेही ठरले.

मनाच्या आजारांपुरते २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हे सर्व नीट मांडले आहे, आणि आमच्या मते तो प्रत्येक रुग्णालयाने भिंतीवर लावण्याजोगा आहे. उपचारात कळलेली माहिती गुप्त राहील. रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, उपचार करणारे अन्य तज्ज्ञ, कोणाच्या जिवाला असलेला धोका टाळणे, न्यायालयाचा वा मंडळाचा आदेश, असे मोजकेच अपवाद. रुग्णाचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीवाचून वृत्तपत्रांना देता येणार नाही. हे आम्ही आमच्या व्यवसायबंधूंनाही उद्देशून लिहीत आहोत. संगणकात साठविलेल्या माहितीलाही हाच नियम. आणि लगेच पुढचे कलम: रुग्णाला आपल्या मूळ नोंदी पाहण्याचा अधिकार आहे. एखादी गोष्ट कळल्याने त्याला गंभीर मानसिक इजा होईल अथवा दुसऱ्यास धोका संभवेल, तर तेवढी रोखता येते, पण रोखली आहे हे त्याला सांगावे लागते आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची वाटही दाखवावी लागते. चरकाची करुणा आणि आजचा हक्क या दोहोंचा मेळ याहून चांगला घालणे कठीण आहे.

पुस्तकातला कायदा, दवाखान्यातला व्यवहार

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. भोपाळचेच आणखी एक उदाहरण. वायुग्रस्तांसाठी उभ्या राहिलेल्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात २००४ ते २००८ या काळात औषधकंपन्यांच्या नव्या औषधांच्या चाचण्या झाल्या. त्या प्रकाशात आल्यावर, आपल्यावर चाचणी चालली आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हते, असे अनेक रुग्णांनी व त्यांच्या आप्तांनी सांगितले. त्यांची प्रकृती, त्यांचे रक्त, त्यांचे अहवाल कंपनीच्या तक्त्यांत गेले. त्यांच्या हातात मात्र कळेल अशा भाषेतला कागद नव्हता. १९८४ मध्ये कंपनीचे गुपित रुग्णापासून लपले होते, वीस वर्षांनी रुग्णाचे गुपित कंपनीपर्यंत पोचले. आपल्या देशात कुंपणच शेत खाते, ही म्हण उगाच पडलेली नाही.

याचा अर्थ संशोधन नको असा नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सुमारे ऐंशी हजार वायुग्रस्तांची नोंद करून १९९४ पर्यंत त्यांच्या प्रकृतीचा मागोवा ठेवला, म्हणूनच वायूचे दूरगामी परिणाम काही अंशी तरी सिद्ध झाले. रोगाचा मागोवा घ्यावयाचा तर माहिती गोळा करावीच लागेल. प्रश्न असा आहे की, जमविलेल्या माहितीतून नाव-गाव वगळता येते की नाही, माणसाला विचारून ती घेता येते की नाही, आणि तीतून जे निष्पन्न झाले ते त्या माणसाला परत सांगता येते की नाही. भोपाळच्या पाहण्यांचे एकत्रित अहवाल ज्यांच्यावर त्या झाल्या त्यांच्यापर्यंत वर्षानुवर्षे पोचले नाहीत. माहिती घेतली, पण परतफेड झाली नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. आमच्याकडे रुग्ण एकटा येतच नाही. आई, नवरा, भाऊ, वहिनी असे सारे बिऱ्हाड बरोबर येते, पैसे तेच भरतात, मग त्यांच्यापासून लपवावयाचे कसे, असे डॉक्टर विचारतात. या म्हणण्यात तथ्य आहे. कुटुंब हा आपल्या रुग्णाचा सर्वांत मोठा आधार असतो. परंतु ज्या सुनेचे दुखणे सासरच्या छळातून उद्भवले आहे, तिला सासूच्या देखत काय विचारणार? ज्या मुलाला वडिलांचे भय आहे, तो वडिलांच्या शेजारी बसून काय सांगणार? पाच मिनिटे बाकीच्यांना बाहेर बसविण्यास पैसे पडत नाहीत. ‘यातले घरच्यांना किती सांगू?’ एवढे रुग्णाला विचारण्यास वेळही लागत नाही. समुपदेशनाच्या पाट्या आज तालुक्याच्या गावीही दिसू लागल्या आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु लहान गावात समुपदेशक आणि रुग्ण एकाच बाजारात मासळी घेतात, एकाच जत्रेला जातात. तेथे एक अनवधानाचा शब्द, एक सूचक हसू पुरेसे असते. शहरापेक्षा गावात गुप्ततेचे मोल अधिक आहे.

त्यात आता संगणकाची भर पडली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातून नागरिकाला चौदा आकडी आरोग्यक्रमांक मिळतो आणि त्याच्याशी त्याच्या नोंदी जोडता येतात. भोपाळच्या विधवेजवळ असा क्रमांक १९८४ मध्ये असता तर तिला चिठ्ठीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले नसते, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर चोरट्यांनी हल्ला चढविला आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने कागद लिहावे लागले, हेही विसरता येत नाही. कपाटातील फाइल चोरावयास माणूस आत शिरावा लागतो. संगणकातील लाखो फाइली सातासमुद्रापलीकडूनही उचलता येतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ मध्ये आले, आणि त्यातील मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. तोपर्यंत रुग्णालयांनी हात बांधून बसावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

मोठमोठ्या योजनांची वाट न पाहता आमच्या राज्यात काही गोष्टी उद्याच करता येतील. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांच्या टेबलाभोवती एक पडदा असावा आणि पुढच्या रुग्णाने दाराबाहेर थांबावे. खिडकीवरील कारकुनाने नावाबरोबर आजार पुकारू नये. मानसोपचार विभागाची नोंदवही सर्वांच्या हाताखाली पडू नये. रुग्णाने कागद मागितला तर ‘कशाला हवा?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर देण्यास तो बांधलेला नाही. आणि रुग्णानेही तीन प्रश्न विचारण्याचे धैर्य करावे: मला काय झाले आहे, हे कोणाकोणाला कळणार आहे, आणि माझी प्रत मला केव्हा मिळेल? डॉक्टर या प्रश्नांनी रागावले तर ते रागावणे त्यांच्या व्यवसायास शोभणारे नाही.

भोपाळमधील ज्या बायांनी १९८५ मध्ये आपली दुखणी कोणा अनोळखी डॉक्टरांना सांगितली, त्यांतील ज्या आज हयात आहेत त्या वृद्ध झाल्या आहेत. त्यांनी जे सांगितले ते कोठल्या कपाटात आहे, कोणी वाचले, त्यातून काय निघाले, हे त्यांना कळलेले नाही. पिवळ्या पडलेल्या त्या पानांची छायाप्रत निघेल तेव्हा निघो. परंतु ती निघाल्यावर प्रथम त्या बाईच्या हाती पडली पाहिजे, आणि तिच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणाच्या नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचे खरे पालन एवढेच आहे. तेवढे भोपाळात झाले नाही, तर आपल्या शेजारच्या दवाखान्यात ते आपोआप होईल अशा भ्रमात कोणी राहू नये.